पेटाऱ्यावरची आई

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: आई जवळ आहे.

डॉ. शर्वरी टिपणीस हातातला चहा तसाच ठेवून उठली. तिलारीच्या खोऱ्यात, अनाथ हत्तीपिल्लं वाढवून पुन्हा रानात सोडण्याच्या त्या केंद्रात, हत्तींचं बोलणं उलगडणारं यंत्र आजवर असं काही बोललं नव्हतं. त्याचं बोलणं ठरलेलं. पिल्लू भुकेलं आहे. पिल्लू घाबरलं आहे. पिल्लू हाक मारत आहे, उत्तर नाही. आणि उत्तर येणार तरी कुठून? त्या पिल्लाची आई गेल्या पावसाळ्यात घाटाच्या निसरड्या कड्यावरून दरीत गेली होती. पिल्लू तेवढं वर, करवंदीच्या जाळीत अडकून राहिलं होतं.

आता पडदा म्हणत होता: आई पश्चिमेला आहे. आई शांत आहे. आई म्हणते, मी इथेच आहे.

भर दुपारी गावाजवळ रानटी हत्तीण! शर्वरीने पहारेकऱ्याला इशारा केला आणि ती एका हातात चपला, दुसऱ्यात आवाजाचं मापक घेऊन अनवाणी पळाली. पश्चिमेच्या कुंपणाशी पिल्लू उभं होतं. सोंड गजांतून बाहेर, कान सैल, डोळे अर्धे मिटलेले. आठवडाभर दुधाची बाटली लाथाडणारं ते लेकरू असं विरघळलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

कुंपणापलीकडे एक माड होता, गवताची उडवी होती आणि नकुळ गवसांचं घर होतं. हत्तीण कुठेच नव्हती. शर्वरी घराला वळसा घालून पडवीपाशी आली. पडवीत फणसाच्या लाकडाचा भलामोठा पेटारा होता. त्यात भात साठवायचं आणि वर माणसाने आडवं व्हायचं, ही तिथली जुनी रीत. पेटाऱ्यावर बनियन-पंच्यातले नकुळ गवस उताणे झोपले होते.

घर्रर्रर्र… जरा थांबा… फिस्स.

शर्वरीच्या हातातल्या मापकाचा काटा दर ‘घर्रर्र’ला उडी मारत होता.

आतून नकुळांची बायको गुणवंती दुधाची बाटली घेऊन आली. केंद्रात पिल्लाला दूध पाजायचं काम तिच्याकडे होतं. "काय झालां गो बाय? हत्तीण इली?"

"काकू," शर्वरी कुजबुजली, "आई सापडली."

गुणवंतीने शर्वरीच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा बोटाकडे.

"ह्यो?"

*

त्याचं शास्त्र असं. हत्ती चीत्कारतात ते आपल्याला ऐकू येतं, पण त्यांचं खरं घरगुती बोलणं फार खालच्या पट्टीत चालतं. सेकंदाला वीस कंपनांच्या खालचा आवाज माणसाच्या कानाला लागत नाही. हत्ती तिथेच गुजगोष्टी करतात. हा हुंकार झाडांना वळसे घालत कोसभर जातो, जमिनीतूनही जातो आणि दुसरा हत्ती तो कानांनी ऐकतो तसा तळपायांनीही ऐकतो. प्रत्येकाला हाक मारायची तऱ्हा वेगळी, जवळजवळ नावासारखी. कळपांचं असं बोलणं वर्षानुवर्षं ऐकून यंत्र त्याचा ढोबळ अर्थ लावायला शिकलं होतं. त्याला हुंकारपेटी म्हणत.

पिल्लाला माणसाचा लळा लागू नये म्हणून केंद्राने एक कृत्रिम आईही आणली होती. रबराची, उबदार, पोटात हुंकाराचं यंत्र असलेली. गावकरी तिला ‘फुगो’ म्हणत. पिल्लाने पहिल्याच दिवशी तिला धडक दिली होती आणि नंतर तिच्या सावलीत बसायलाही नकार दिला होता.

आणि इथे नकुळ गवस! घोरताना घशातला मऊ पडदा फडफडतो. नकुळकाकांची मान जाड, पडदा लांब, म्हणून फडफड संथ. पण एवढ्याने आई होत नाही. शर्वरीने त्यांना खाटेवर झोपवून पाहिलं, पिल्लू ढिम्म. नुसता पेटारा वाजवून पाहिला, तरी ढिम्म. काका पेटाऱ्यावर झोपले की मात्र अर्धवट रिकाम्या पेटाऱ्याचं पोट घुमायचं, आवाज खोल उतरायचा, आणि पेटाऱ्याच्या चार पायांतून जांभ्याच्या दगडात शिरून थेट पिल्लाच्या तळपायांना जाऊन भिडायचा.

हे सगळं ऐकल्यावर नकुळकाका बराच वेळ पंच्याची गाठ सोडत-बांधत राहिले.

"म्हणजे मी हत्तीची आवस?"

"आवाजापुरते," शर्वरी म्हणाली.

"गो बाय, ह्यांच्या भाऊबंदांन माज्या पोफळी मोडल्यानी, केळी खाल्ल्यानी, मांडव पाडल्यानी. आता दुपारची नीज ऱ्हवलेली, ती पण नेतास?"

"नेत नाही, काका. उलट तुम्ही रोज झोपायचं. वेळेवर."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर नकुळकाका दिसले की कोणीतरी म्हणे, "नकुळा, उठलंस कित्याक? बाळंतिणीन इतक्यात बाहेर पडा नये." एकाने तर खरोखरच हळिवाचे लाडू पाठवले. काकांनी ते रागारागाने परत पाठवायला घेतले आणि वाटेत त्यातले बरेचसे संपवले.

खरी जखम झाली ती गुणवंतीला.

"दूध मी पाजतंय," ती चुलीशी भांडी आदळत म्हणाली. पिल्लाच्या दुधात खोबऱ्याचं दूध लागे, ते तीच पिळायची. "नारळ मी खवतंय. ताप इलो तेव्हा पाठ मी शेकलंय. शेण मी काढतंय. आणि आवस कोण? तर पंचो नेसान निजणारो ह्यो बाबा! उभो जल्म ह्येच्या घोरण्यापायी माज्या डोळ्याक डोळो लागाक नाय, तेचा कवतिक नाय कोणाक."

नियमाप्रमाणे पिल्लाला नाव द्यायचं नव्हतं, नुसता क्रमांक. पण करडं अंग, त्यावर पांढुरकी माती. कोहळ्याच्या सालीवर राख असते तशी. गुणवंतीने पहिल्याच दिवशी त्याला ‘कोहळो’ म्हटलं आणि क्रमांक कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

*

नकुळकाका हळूहळू बदलले. आधी ते झोपेला ‘झोप’ म्हणत, मग ‘ड्युटी’ म्हणू लागले. जेवल्यावर सोलकढीचा पेला, त्यावर पान, मग पेटारा. पडवीसमोरून कोणी मोठ्याने बोलत गेलं तर एक डोळा उघडून म्हणत, "गप रवा रे! थय माजो झिल निजता." हत्तीला मुलगा म्हणणारा हा माणूस एकेकाळी ग्रामसभेत हत्तींना गोळ्या घाला असं ओरडायचा, हे सांगून बाहेरच्याला पटलं नसतं.

जागे झाले की कुंपणाशी जाऊन उभे राहत. कोहळा सोंडेचं ओलं टोक त्यांच्या तोंडात घाली. हत्तीचं लेकरू आईच्या तोंडात सोंड घालतं, विश्वासाने. आई काय खाते, कुठून बोलते ते बघायला. काका थू थू करत म्हणत, "मेल्या, पान तरी थुकूक दी." पण तोंड मिटत नसत.

अशी कोहळ्याची वर्षं गेली. त्याला बाटलीपेक्षा गवत आवडू लागलं, बांबू सोलता येऊ लागला, चिखलात लोळून पाठ माखून घेता येऊ लागली. रबरी आई फाटून गेली. कोणी तिची आठवण काढली नाही.

मग उन्हाळ्यात वरून हुकूम आला. फाटक्या कानाच्या म्हाताऱ्या हत्तिणीचा कळप दर उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यावर उतरे आणि पावसाआधी घाट चढून जाई. यंदा त्या कळपाबरोबर कोहळा गेला नाही, तर त्याला छावणीत हलवायचं होतं. लाकडं ओढायला.

"म्हणजे साखळी?" नकुळकाकांनी विचारलं.

"हो."

"खयच्या पायाक?"

काका कुंपणाशी गेले आणि कोहळ्याच्या चारी पायांकडे एकेक करून बघत राहिले.

पहिला प्रयत्न नीट झाला. कुंपणाचा दरवाजा उघडा ठेवला, कळप पाण्यावर आला, कोहळा धावत गेला. फाटक्या कानाच्या हत्तिणीने त्याला हुंगलं, ढकललं, पुन्हा हुंगलं. शर्वरीने डोळे पुसले. पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, नकुळकाका सवयीने पेटाऱ्यावर आडवे झाले, आणि कोहळा कळप सोडून धावत सुटला तो नव्याने लावलेल्या केळी आडव्या करत थेट पडवीत.

दुसरा प्रयत्न म्हणून काकांना बांद्याला बहिणीकडे पाठवलं. कोहळा रिकाम्या पेटाऱ्याशी उभा राहिला. गवताला तोंड लावीना. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: आई कुठे आहे. शेवटी काकाच फोनवर ओरडू लागले, "तो जेवता काय? खरा सांग! नायतर मी चलत येतंय!"

तिसऱ्या दिवशी गुणवंतीचा संयम सुटला. "तेका आवस व्हयी ना? मग आवशीकच न्या उचलान रानात! पेटाऱ्यासकट!"

शर्वरी तिच्याकडे बघतच राहिली. "काकू, पुन्हा म्हणा."

*

पेटारा उचलायला वाडीतले जेवढे खांदे होते तेवढे लागले. पुढे गावचे मानकरी बाबाजी गावकर, मागे पेटारा, त्यामागे उशी काखेत मारून नकुळकाका, सोलकढी घेतलेली गुणवंती, आणि सगळ्यात शेवटी कोहळा, वरातीत आपलंच लग्न असल्यासारखा खुशीत. पाण्याच्या वरच्या अंगाला कातळाचा एक टप्पा होता. हत्तीला चढता येणार नाही, पण सोंड पोचेल इतका उंच. त्यावर पेटारा ठेवला. शर्वरी हुंकारपेटी घेऊन खडकाआड बसली. पलीकडच्या बांबूच्या बेटात कळप होता.

बेत सोपा होता. काकांनी झोपायचं. कोहळा आईपाशी थांबेल, आवाज बेटापर्यंत जाईल आणि म्हातारी हत्तीण बघायला येईल, ही कोण नवी बाई आली म्हणून. दोघी एकाच जागी आल्या की लेकरू एकीकडून दुसरीकडे जाईल.

काका आडवे झाले. एका कुशीवर, मग दुसऱ्या. सोलकढी प्यायले. उशी उलटी केली.

जन्मात पहिल्यांदा नकुळ गवसांना दुपारी झोप येईना.

"काय रे नकुळा," बाबाजी गावकर म्हणाले, "टपरीवर बसल्या बसल्या निजतंस आणि हय सरकारी कामाक निजूक जमना नाय?"

"सगळे तोंडाकडे बघत बसल्यार कसा निजतलंय मी?"

सगळ्यांनी पाठ फिरवली. तरी झोप नाही. तेव्हा बाबाजींनी शेवटचा उपाय काढला. अशा वेळी तिथे देवाला गाऱ्हाणं घालतात. त्यांनी हात जोडले आणि हलक्या आवाजात सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्यो तुजो लेकरू नकुळ गवस आज पेटारो घेवन रानात इलेलो आसा. तेच्या डोळ्यार नीज येवं दे, तेचो आवाज हत्तिणीच्या कानापर्यंत जावं दे, मधी कोणाचो खोकलो, कोणाची शिंक आडवी येव नये रे म्हाराजा!"

तो संथ सूर ऐकता ऐकता काकांच्या पापण्या खरंच जड झाल्या. मान कलली. घशात पहिली बारीक घरघर झाली. शर्वरीने श्वास रोखला.

"व्हय म्हाराजा!" पेटारा उचलून आणलेले सगळे गडी रिवाजाप्रमाणे एकदम गरजले.

काका ताडकन उठून बसले. बेटातली पाखरं उडाली.

शर्वरीने सगळ्यांना गावात परत पाठवलं. हात जोडून, अगदी नम्रपणे, दात आवळून. गुणवंती तेवढी राहिली. ती पेटाऱ्याच्या कडेला टेकली.

"लाज वाटता काय ओ?" ती हळू म्हणाली.

"लाज कसली."

"मगे?"

काका वर बघत होते. पानांमधून ऊन त्यांच्या पोटावर नाचत होतं. "गो, मी निजलंय काय तो जातलो."

खाली कोहळा कातळाला पाठ घासत उभा होता. त्याच्या धुळीला आता रानाचा वास येत होता.

"आणि नाय निजलास तर साखळी," ती म्हणाली. तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं नाही, तेवढं वय आता उरलं नव्हतं. पण तिने पेटाऱ्याच्या फळीवर बोटांनी ठेका धरला, पहाटे जात्यावर धरायची तसा, आणि गुणगुणू लागली.

निजलो माजो धनी, पेटाऱ्यावरी आडो,
तेच्या श्वासाचो गाडो, डोंगर चढता.

जा रे कोहळ्या राना, नको बघू मागे,
आवस तुजी जागे, निजेच्या आत.

घर्रर्रर्र… जरा थांबा… फिस्स.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली: मी इथेच आहे.

कोहळा कातळाला चिकटून उभा राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बांबू हलले, आणि एक मोठा करडा डोंगर आवाज न करता बाहेर आला. फाटका कान. तिने सोंड उंचावून वास घेतला.

पडद्यावर आलं: कोण?

घर्रर्र.

मी इथेच आहे, पडदा म्हणाला.

हत्तीण पुढे आली, अगदी कातळापर्यंत. पेटाऱ्यावर पंचा नेसून झोपलेल्या त्या बाईकडे तिने खूप वेळ पाहिलं. गुणवंतीचे ओठ हलत होते, पण ओवीचा आवाज आता येत नव्हता. मग हत्तिणीने हुंकार दिला. तो ऐकू आला नाही. पेटाऱ्यातलं भात तेवढं सळसळलं.

त्या थरथरीने नकुळकाकांना जाग आली.

डोळे उघडले तर समोर हत्तिणीचं कपाळ. काकांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खालून कोहळ्याची सोंड वर आली, त्यांच्या गालावरून ओली फिरत ओठांपाशी थांबली. तोंड उघड, असं ती म्हणत होती. बोल. तू आत्ता बोलत होतीस.

काकांनी ओठ घट्ट मिटले. नाकाने श्वास घेतला तोही हलका, जपून. त्यांना माहीत होतं, एक घरघर निघाली तर लेकरू पुन्हा पडवीत. सोंडेने ओठ चाचपले, हनुवटी चाचपली, पुन्हा ओठ. काकांचे डोळे भरून वाहू लागले. तोंड मिटलेलंच.

हत्तिणीने पुन्हा हुंकार दिला. भात सळसळलं.

सोंड ओठांवरून निघाली. हवेत जरा रेंगाळली. मग वळली आणि म्हातारीच्या तोंडात गेली.

पडद्यावर काय उमटलं ते शर्वरीने वाचलं नाही. तिला ते दिसतच नव्हतं.

*

काकांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःहून घोरणं थांबवायचा मुखवटा मागितला. नाकातोंडावर बसवायचा, हवा ढकलणारा. "तो परत येवक नको," एवढंच म्हणाले. दुपारी ते मुखवटा लावून पेटाऱ्यावर निजत. बाळासारखे, बिनआवाज.

आणि गुणवंतीची झोप उडाली.

इतकी वर्षं ज्या घरघरीला शिव्या दिल्या ती नसली की तिला वाटे, घरात कोणीच नाही. दुपारी ती भिंतीला टेकून डोळे मिटी आणि उघडी. वैद्य झाले, तेल झालं, जायफळ झालं. "ह्येंका घोरूक सांगा," असं मात्र तिने एकदाही म्हटलं नाही.

पावसाळा सरला, थंडी सरली. घाटावरच्या रानात शर्वरीने हत्तींचे हुंकार टिपणारी यंत्रं बसवली होती. उन्हं तापू लागली तेव्हा ती एका दुपारी पेटी घेऊन आली. काका जागेच होते. गुणवंती भिंतीपाशीच्या नेहमीच्या जागेऐवजी त्या दिवशी पेटाऱ्यावर जरा टेकली होती.

"कळप घाटापलीकडे आहे, खूप लांब," शर्वरी म्हणाली. "आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून मी वरच्या पट्टीत आणलाय. ऐका. हा कोहळा."

घर्रर्रर्र… जरा थांबा… फिस्स.

काकांचा हात मुखवट्यावर होता, तिथेच थांबला. "ती शिट्टी माजी!"

"तुमचीच. आणि ही फाटक्या कानाची."

घर्रर्रर्र… जरा थांबा… फिस्स.

"सगळा कळप आता असंच बोलतो. त्याने शिकवलं. यंत्र गोंधळून गेलंय. त्याला वाटतं, रानात एकाच माणसाचे चुलतभाऊ भरलेत."

काका हसले, मग हसता हसता पंच्याने नाक पुसू लागले. "आयकलंस गो? माज्या झिलान माका—"

गुणवंतीने ऐकलं नाही. कळपाची घरघर चालू होती आणि पेटाऱ्यावर तिची मान कलली होती, तोंड किंचित उघडं पडलं होतं. वर्षभराची झोप एकदम आली होती. आणि त्या उघड्या तोंडातून, आधी बारीक, मग चांगला भरदार, एक आवाज निघू लागला.

काका आ वासून बघत राहिले. "ही घोरता?"

पेटारा घुमू लागला. शर्वरीच्या हातातला पडदा उजळला.

आई जवळ आहे.

शर्वरी तिला हलवायला पुढे झाली, पण काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नको, बाय," ते कुजबुजले. "आज तिची पाळी."